खोबऱ्या पडला तेव्हा वारा नव्हता

बुधवार, १८ फेब्रुवारी
दुपार

प्रिय वासंती,

सकाळी उठलो, दूध आणलं, चहा केला. आपल्या मेघाचा फोन आला. जेवण नीट घेतो का विचारत होती, घेतो म्हणून सांगितलं. मग पुढच्या खोलीत येऊन बसलो. काल संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गावाची बैठक झाली. त्या बैठकीत मी उभा राहून बोललो. आज दुसरं काही घडलेलं नाही.

मी बोललो, सगळ्या गावासमोर! तुझा विश्वास बसेल का? लेकीच्या लग्नात आभार मानायला उभं केलं, तर 'सगळ्यांनी जेवून जा' एवढंच म्हणून खाली बसलेला माणूस मी. त्यावरून तू मला किती चिडवलंस. काल काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. 'अगं' म्हटलं की तू यायचीस. वर नाव लिहिलं आणि वाटलं, हे दुसऱ्याच कुणाला लिहितोय. पण पत्राला 'अगं' अशी सुरुवात कशी करायची?

त्या दिवशी वारा नव्हता. हे मी अजूनही भेटेल त्याला सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. पावसाळा नाही, वादळ नाही. संक्रांत होऊन गेली होती, हवेत गारवा होता. मेघा रविवारी येणार होती आणि तिला उकडहंडीची भाजी हवी होती, म्हणून तू पापडीच्या शेंगा आणायला बाजारात गेलीस. मी कंपनीच्या बसने उंबरगावला गेलो होतो. स्टोअरमध्ये आलेला माल लावत होतो. सुपरवायझर आला आणि म्हणाला, "दिनकरराव, तुम्ही घरी जा." पुढे काहीतरी पडल्याचं बोलला. मी विचारलं, "कुठलं मशीन बंद पडलं?" तो तुझ्याबद्दल बोलत होता गं! मला ऐकूच आलं नव्हतं.

नाक्यावर उतरलो तर रस्त्यावर ऊन. पहिल्यांदा तेवढंच लक्षात आलं. त्या जागी एवढं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. मग खोबऱ्या आंबा आडवा पडलेला दिसला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि त्याच्या फांद्यांत माणसं करवती घेऊन उभी होती. तुला तोपर्यंत दवाखान्यात नेलं होतं. पापडी रस्ताभर सांडली होती.

केळीवाला म्हणाला, "ताई पारावर बसून शेंगा निवडत होत्या." तू घरी येऊन निवडायची होतीस ना! घर समोर दिसत होतं. पण तुला कुठे घरात एकटीने बसून काम करायला आवडायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत बोलत निवडली की पापडी लवकर होते, असं तुझं म्हणणं. मला एवढंच विचारायचं आहे, त्या वेळी तुझ्याशी बोलायला कुणी होतं का? की कुणी नव्हतं म्हणून दुसरं कुणी वाचलं?

आपल्या रस्त्याबद्दल मी आजवर एवढा विचार कधीच केला नव्हता. रोज बस पकडायला त्याच्यावरून गेलो, आलो. हायवेच्या नाक्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना जुनी रायवळ आंब्याची झाडं. बाहेरचे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. पुढे निळा डोंगर आणि त्याच्याकडे जाणारा हिरवा बोगदा. आपल्याला त्यात काय विशेष?

तुला मात्र होतं. तू समुद्राकाठची, चिंचणीची. लग्न होऊन आलीस त्या वर्षी मला म्हणाली होतीस, "अहो, इथे समुद्र नाही तर रात्रीचा आवाज कसला येतो?" मी म्हटलं, झाडांचा. तू अंगणात जाऊन ऐकत उभी राहिलीस आणि आत येऊन म्हणालीस, "मग चालेल."

झाडांची नावं तू माझ्या बाबांकडून शिकलीस. मला सगळी कधी पाठ झाली नाहीत. ज्या आंब्याची जशी चव, तसं त्याचं नाव. शेपूचा वास मारणारा तो शेप्या. खोबऱ्यासारखा कोरडा गोड तो खोबऱ्या. पाणचट तो ताक्या. एका झाडाला तर 'सासू' म्हणत, फळ वरून लाल आणि आत आंबट. तू आईसमोर ते नाव घेताना कशी हसू दाबायचीस!

झाडं लावली कुणी, यावर बाबा आणि तुझं भांडण ठरलेलं. बाबा म्हणायचे, जंगल खात्यातल्या कुठल्या तरी साहेबाने लावली. त्या काळी डोंगरातून गवताच्या आणि लाकडाच्या गाड्या डहाणू स्टेशनला जायच्या, बैलांना सावली हवी म्हणून साहेबाने हुकूम काढला. तू म्हणायचीस, "हुकूम काढला असेल. पण पाणी कुणी घातलं?" मग एकदा बाजारात कंद विकायला येणाऱ्या जानकीआजीला तू विचारलंस, तर ती म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यांनी. नदीवरून हंडे आणत डोक्यावर. झाड मेलं तर दिवसाचा रोज कापत." तू घरी आलीस ती थेट बाबांपुढे उभी राहिलीस. "ऐकलंत? साहेबाने नाही, जानकीआजीच्या आजीने!" बाबा म्हणाले, "बरं बाई, तिने. आता चहा टाक."

आता पारांचं सांगतो. तेच सांगायचं आहे.

पहिला पार चंपकभाईंनी बांधला, तुला आठवतच असेल. त्यांचं किराणा दुकान खोबऱ्याच्या समोर. त्यांची आई, बा, रोज दुपारी दुकानातून निघून झाडाखाली पोतं टाकून बसायची. बा गेली आणि चंपकभाईंनी खोबऱ्याभोवती सिमेंटचा पार बांधला, हिरव्या लाद्या लावल्या, बाचं नाव कोरलं. आपण पेढे खायला गेलो होतो. तू बुंध्याला हात लावून म्हणालीस, "चंपकभाई, झाडाला गळ्यापर्यंत गोधडी घातलीत. घाम येईल हो त्याला!" सगळे हसले. चंपकभाई सगळ्यांत जास्त हसले.

मग रीतच पडली. ज्याच्या घरी म्हातारं माणूस गेलं, त्याने एक झाड धरायचं आणि पार बांधायचा. कुणी टाइल्स लावल्या, कुणी ग्रेनाइट. बुंध्याला चिकटवून सिमेंट, आत खडी, वरून ठोकून बसवलेलं. आणि सगळ्यांना ते चांगलं वाटत होतं. मलाही! माणसं बसत होती, एसटीची वाट बघणाऱ्या बाया पोरं निजवत होत्या, झाडाची निगा राखली जाते असं वाटत होतं. मोहर कमी झाला, शेंडे वाळायला लागले, तेव्हा आपण म्हणालो, हायवेची धूळ. हवामान बदललं.

त्या दिवशी तुझ्याकडे दवाखान्यात जायचं सोडून मी खोबऱ्याच्या बुडाशी उभा राहिलो. का, मला माहीत नाही. अर्धा पार झाडाबरोबर उचलला गेला होता. उरलेला अर्धा जागच्या जागी, बाचं नाव स्वच्छ, एक लादी फुटलेली नाही. आणि मुळं? एवढ्या मोठ्या झाडाला मुळंच नव्हती! होती ती आखूड, काळी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. मी एकाला हात लावला तर त्याचा भुगा झाला. कुणीतरी माझ्या खांद्याला धरून रिक्षात बसवलं. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा हात काळा होता. त्याच हाताने मी तुझ्या कपाळाला हात लावला. मेघा पोहोचल्यावर तिने ओल्या रुमालाने तुझं कपाळ पुसलं.

तेव्हा मला त्या मुळांचा अर्थ कळला नव्हता. काहीच कळत नव्हतं.

तू गेल्यापासून चंपकभाई रोज संध्याकाळी येऊन बसायचे. तुला ते भाभी म्हणत, मला भाऊ. फारसं बोलायचे नाहीत. मला तेच बरं वाटायचं. सगळे बोलत होते, धीर धरा म्हणत होते. ते नुसते बसायचे आणि जाताना दिवा लावायला विसरलो असेन तर लावून जायचे. तेरावं झालं त्या संध्याकाळी म्हणाले, "भाऊ, मी विचार केला हाय. शेप्याला अजून पार नाय. तिथे भाभीच्या नावाचा पार बांधू. खर्च माझा. बाच्या पारापेक्षा सरस करू. ग्रेनाइट लावू, काळा."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती काळी मुळं आली आणि एकदम कळलं. मी मान खाली घातली. चंपकभाईंना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी माझा हात धरला. मी काय म्हणणार होतो? त्यांनी आईच्या मायेने बांधलेल्या पाराने झाड मारलं आणि झाडाने तुला? मी म्हणालो, "बघू नंतर."

माझा अंदाज चुकीचा असेल असंही वाटलं. असावा, असंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या डोंगराकडच्या टोकाला गेलो. नाक्याची वाट टाळून मागच्या बाजूने गेलो. त्या टोकाला घरं कमी, म्हणून पारही नाहीत. पाण्याच्या पाइपसाठी तिथे चर खणलाय. चरात उतरून बघितलं. सासूची मुळं चराच्या या भिंतीतून त्या भिंतीत गेलेली, माझ्या मांडीएवढी जाड, तपकिरी, जिवंत. वरती मोहर एवढा की पानं दिसत नव्हती. मी त्या चरात किती वेळ बसून होतो कुणास ठाऊक. एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली होती, थांबून म्हणाली, "बाबा, पडलास का?"

मग गेल्या आठवड्यात तो फ्लेक्स लागला.

सकाळी मागच्या वाटेने दूध आणायला गेलो आणि नाक्यावर तू! माझ्यापेक्षा मोठा तुझा चेहरा. मेघाच्या लग्नातला फोटो, निळ्या शालूतला, बाजूचा माझा खांदा कापलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली लाल अक्षरांत, 'आणखी किती बळी? रस्त्यावरील सर्व धोकादायक झाडे तात्काळ तोडा.' आणि फ्लेक्स खिळे मारून लावला होता शेप्याच्या खोडावर. दुधाची पिशवी हातातून पडून फुटली. लोक बघत होते. मी तसाच घरी आलो.

संदेशने लावला होता. आपला मोबाइलवाला संदेश, तू ज्याला 'पुढारी' म्हणायचीस तो. मला राग आला आणि नीट रागावताही येईना, कारण तुला फांद्यांखालून त्यानेच बाहेर काढलं होतं. गावात बोलणं पक्कं झालं होतं. मंगळवारी बैठक, ठराव, रस्ते खात्याच्या साहेबांना बोलवायचं, पावसाळ्याच्या आत दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या. घरी आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "वहिनींच्या जाण्याने निदान गाव तरी सुरक्षित होईल." जणू तू त्यासाठीच गेलीस!

वासंती, झाडं वाचवायला निघालेला माणूस मी नाही. तुझ्यावर पडलेल्या झाडाची मला दया नाही, खोटं कशाला लिहू? पण तुझं नाव घेऊन तुझाच रस्ता तोडायचा, आणि जे कारण आहे ते तसंच ठेवून? पुढे दुसऱ्या कुठल्या झाडाभोवती असेच पार बांधले जाणार. मी गप्प बसलो तर झाडं जाणार होती. बोललो तर चंपकभाई. मेघाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईने काय केलं असतं?" मी म्हटलं, तिने हसत हसत सांगून टाकलं असतं आणि कुणाला लागलंही नसतं. मला ते येत नाही. तुला यायचं.

बैठकीत चंपकभाईंना ते पहिल्यांदा कळू नये, एवढं मला समजत होतं. सोमवारी दुपारी दुकानात गेलो. चंपकभाईंनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी म्हणालो, "चंपकभाई, भाभीच्या नावाचा पार नको."

"केम? का नको? बजेटची चिंता नाय करायची, भाऊ."

"तसं नाही. खोबऱ्याची मुळं मी बघितली. पाराखाली कुजली होती. मोकळ्या झाडांची तशी नाहीत. मी जाऊन बघून आलो."

ते एका बाईसाठी तूरडाळ तोलत होते. हात थांबला. बाई म्हणाली, "शेठ, झालं का?" त्यांनी डाळ पिशवीत ओतली, परत काढून काट्यात ओतली, परत तोलली. बाई गेल्यावर म्हणाले, "म्हणजे काय, भाऊ? भाभीला मी मारला?"

मी नाही म्हणालो. दोन-तीनदा म्हणालो. पण माझा आवाज तुला माहीत आहे, बाहेर येतच नाही. ते म्हणाले, "बा तिथे बसायची. पोत्यावर. कंबर दुखायची तिची. म्हणून मी..." चहा आला. दोघांनीही घेतला नाही. निघालो तेव्हा मागून म्हणाले, "तुमाला बैठकीत बोलायचं हाय. बोला. मी नाय थांबवणार." मला वाटलं ते रागावतील, भांडतील. त्याने बरं झालं असतं.

काल पटांगण भरलं होतं. आधी संदेश बोलला, मग आणखी दोघं-तिघं. सगळ्यांनी तुझं नाव घेतलं. ठराव वाचायला घेतला तेव्हा मी उठलो. अध्यक्षांना वाटलं मी आभार मानणार! त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मला माइक कसा धरतात तेही माहीत नाही. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, फार नाही.

"ते झाड पडलं, कारण त्याला मुळं उरली नव्हती. मी हाताने बघितली. सिमेंटच्या पाराखाली मुळं कुजतात. वरच्या टोकाला चर खणलाय, तिथे बिनपाराच्या झाडांची मुळं दिसतात, जाऊन बघा. पार फोडा. सगळी झाडं तोडू नका. माझ्या बायकोच्या नावाने तर नाहीच."

संदेश उठला. "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण काकूंना खालून मी काढलं. तुम्ही ते पाहिलं नाही. मी पाहिलं. मला झोप लागत नाही, काका!" त्याचा आवाज फाटला. त्या पोराबद्दल मी काय काय मनात धरून बसलो होतो, आणि तो मोठ्याने रडत होता. मी म्हणालो, "म्हणून तर सांगतो रे. उरलेल्या पारांवर आत्ताही माणसं बसली आहेत."

काही लोक मागे वळून रस्त्याकडे बघायला लागले. शेजारच्याच झाडाखाली, पारावर, बैठक ऐकायला बसलेल्या बाया पटापट उठल्या.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे चंपकशेठचा पार! केस टाका मग!" दोघं हसले सुद्धा! मी माइकमध्ये 'नाही, नाही' म्हणत होतो आणि तो नुसता किंचाळत होता. चंपकभाई फाटकाजवळ उभे होते. आलेत हे मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, "पार मी बांधला. खरा हाय. कोणाला कायपण करायचं ते करा." आणि बाहेर गेले. केस नाही, मी करणार नाही, कुणीही करायची नाही, असं मी म्हणालो, आणि ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. फक्त त्यांना गेलं की नाही, ठाऊक नाही.

रस्ते खात्याचा साहेब भला माणूस होता. म्हणाला, पार हे कारण असू शकतं, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. शेवटी ठरलं ते असं. ज्याने त्याने आपापला पार फोडायचा. मग झाडं तपासायची, जी मेली असतील ती उतरवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. शेप्या जाणार बहुतेक. साहेबाने बैठकीआधी ठोकून बघितला, तर पार नसूनही आतून पोकळ निघाला. मला त्याचं वाईट वाटलं. म्हणजे सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे नाही, हे तुला सांगून ठेवतो.

रात्री जेवायच्या वेळी संदेश आला. फ्लेक्स काढून आणला होता. पक्कडीने एकेक खिळा काढला म्हणाला. घडी केलेला तो फ्लेक्स हातात धरून दारात उभा. "काका, हा कुठे ठेवू? टाकवत नाही." मला हसू आलं. खरंच आलं! तू असतीस तर म्हणाली असतीस, पुढारी, पावसाळ्यात कौलांवर टाक. आम्ही दोघांनी तो परत उलगडून, तुझ्या तोंडावर घडी येणार नाही असा गुंडाळला. कपाटावर ठेवला आहे. तो जेवून गेला.

आज सकाळपासून बाहेर घणाचे आवाज येत आहेत. एका ठिकाणाहून सुरू झाले, आता दोन ठिकाणांहून येतात. कोण फोडतंय ते बघायला गेलो नाही. आपल्या वडिलांच्या नावावर घण मारणं सोपं असतं का? खिडकीतून दिसतं ते एवढंच, की चंपकभाईंचं दुकान बंद आहे. कालपासून बंद. त्यांच्या पाराचा उरलेला अर्धा भाग समोर तसाच आहे. काल बैठकीनंतर ते आले नाहीत, आणि दिवा लावायचा राहिला.

मी बरोबर केलं का गं? तू काहीतरी बोल ना! आयुष्यभर माझ्या वाटचंही तूच बोललीस आणि आता एवढं बोलायची वेळ आली तेव्हा...

जाऊ दे.

तुला शब्द देतो. तुझ्या नावाची लादी या रस्त्यावर कुठेही बसणार नाही, कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी. आणि चंपकभाईंच्या दारी मी जाईन. उद्या जाईन. ते बोलले नाहीत तर परवा जाईन. ते जसे माझ्यापाशी येऊन बसायचे, तसा मी त्यांच्यापाशी नुसता बसेन. तेवढं मला येतं.

उद्यापासून कामावर जायचं आहे. बस नाक्यावरून सुटते, म्हणजे रस्त्यावरून जावंच लागेल, उन्हाच्या त्या जागेवरूनही. इतके दिवस मागच्या वाटेने गेलो, आता नाही जाणार. युनिफॉर्मचा शर्ट धुऊन वाळलाय, पण चुरगळला आहे. कॉलरला आधी पाणी मारायचं की पाठीला, मी कधी बघितलंच नाही. इस्त्री लावली आहे, तापली असेल. आता उठतो आणि कॉलरपासून सुरू करतो.

तुझा
दिनकर